कुत्रा कान झाडू लागला की : कानातले परजीवी ओळखायचे कसे

झोपेतून उठल्यावर कान फडफडवणे, अधूनमधून मागच्या पायाने कान खाजवणे ही कुत्र्याची नेहमीची सवय आहे. त्यात काळजीचे काही नाही. पण तोच कुत्रा जेवता जेवता थांबून मान झटकू लागला, रात्री त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचा खुळखुळाट थांबेना, सोफ्याच्या कडेला किंवा उंबऱ्याला कान घासताना तो बारीक कण्हू लागला, तर कानात काहीतरी बिनसले आहे हे नक्की समजावे. काय बिनसले आहे, ते मात्र नुसत्या खाजवण्यावरून कळत नाही. माइट असोत, गोचीड असो, माशीच्या अळ्या असोत, बुरशी असो की गवताचे कुसळ असो, कुत्रा सगळ्याला सारखेच उत्तर देतो. तो कान झाडतो.

बहुतेक घरांत चूक होते ती इथे. कान खाजवतोय म्हणजे किडे झाले असे धरून कोणी कोमट खोबरेल सोडतो, कोणी मागच्या आजारातले उरलेले थेंब घालतो. गावाकडे गुरांच्या गोचिडांचे औषध बोळ्यावर घेऊन कानात फिरवले जाते. चार दिवस बरे वाटते आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच सुरू होते. म्हणून या लेखात एका गोष्टीचा आग्रह आहे : कानात काहीही घालण्याआधी कानात नीट बघा. काय बघायचे हे एकदा कळले, की पशुवैद्याकडे कधी जायचे आणि तिथे काय सांगायचे, हेही कळते. उपचार वेळेवर सुरू झाला तर कुत्र्याचे महिनोन् महिन्यांचे हाल वाचतात.

कुत्र्याचा कान आपल्यासारखा नाही

माणसाच्या कानाची नळी साधारण सरळ आत जाते. कुत्र्याची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. कानाचा पडदा त्या वळणाच्या पलीकडे असतो. त्यामुळे वरून कितीही वाकून पाहिले तरी आपल्याला नळीचा वरचाच भाग दिसतो. शिवाय आत गेलेले पाणी, साचलेला मळ किंवा घातलेले तेल सहजासहजी बाहेर येत नाही. इअरबड आत फिरवला की मळ निघण्याऐवजी त्या वळणावर ठासला जातो. म्हणून इअरबड कुत्र्याच्या कानापासून दूर ठेवावा.

लॅब्रडॉर, बीगल, कॉकर स्पॅनिएल यांचे कान लोंबते असतात. आत वारा कमी लागतो आणि ओल टिकते. पूडल किंवा शिहत्झू यांच्या कानाच्या नळीतही केस उगवतात व त्यात मळ अडकतो. आपल्या देशी कुत्र्यांचे उभे कान तुलनेने कोरडे राहतात, पण गोचीड आणि माशी कानाचा आकार बघून बसत नाहीत. कोणत्याही जातीच्या, कोणत्याही वयाच्या कुत्र्याचा कान तपासायला हवा.

आठवड्यातून एकदा कान बघा

आठवड्यातला एक दिवस ठरवून ठेवा. कुत्रा फिरून आलेला, दमलेला, शांत असेल अशी वेळ निवडा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात त्याला बसवा. आधी डोके आणि मान कुरवाळा, मग कानाची पाळी हलकेच उलटी करा. दोन्ही कान बघा. एकच कान दुखत असेल तर दुसऱ्याशी तुलना केल्यावर फरक लगेच ध्यानात येतो.

निरोगी कानाची आतली त्वचा फिकट गुलाबी किंवा कुत्र्याच्या मूळ रंगानुसार काळपट, पण स्वच्छ आणि कोरडी असते. थोडासा पिवळट-तपकिरी मळ असणे स्वाभाविक आहे. वास जवळजवळ नसतो. कानाच्या बुंध्याशी बोटांनी हलके दाबले तर कुत्रा मान काढून घेत नाही आणि आतून पचपच आवाज येत नाही.

बघून झाले की कान नाकाजवळ आणून वास घ्या. मग पाळीच्या कडेवरून, कानामागून आणि गळ्याखालून बोटे फिरवा. केसांत लपलेली गोचीड किंवा खपली नजरेला दिसली नाही तरी बोटांना लागते. मोबाइलवर दोन्ही कानांचे फोटो काढून ठेवण्याची सवय लावली तर फार उपयोग होतो. लाली कधी सुरू झाली, मळ कधी वाढला, हे डॉक्टरांना फोटोसह सांगता येते. पिल्लू घरी आणल्यापासून ही तपासणी केली तर ते मोठेपणी कानाला हात लावू देते. तपासणी झाल्यावर खाऊचा तुकडा आणि दोन कौतुकाचे शब्द दिले, की पुढच्या वेळी ते आपण होऊन शेजारी येऊन बसते.

कानातले माइट : काळा, कोरडा, चुरगळणारा मळ

कानात राहणारा खास परजीवी म्हणजे ओटोडेक्टिस सायनोटिस नावाचा माइट. हा आठ पायांचा, पांढुरका जीव मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो. तो कातडीत बीळ करत नाही. कानाच्या नळीत त्वचेवरच राहतो, सुटलेल्या पेशी आणि त्वचेतून पाझरणारा द्रव यांवर जगतो आणि तिथेच अंडी घालतो. त्याच्या वावराने त्वचा चिडते, मळ जास्त सुटतो आणि त्यात रक्ताचे अंश व माइटची विष्ठा मिसळते.

त्यातून तयार होणारा मळ ही माइटची ठळक खूण आहे. तो गडद तपकिरी ते काळा, कोरडा, चुरगळणारा असतो आणि चहाच्या वाळलेल्या चोथ्यासारखा दिसतो. त्रास बहुधा दोन्ही कानांत असतो. खाज तीव्र असते. कानामागे नखांचे ओरखडे दिसतात, केस गळतात, कधी जखमा होतात. कानाच्या बुंध्याशी चोळले की मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागतो. क्वचित हे माइट कानाबाहेर पडून डोके, मान किंवा शेपटीच्या बुंध्याशीही खाज आणतात.

कोणाच्या कानात माइट असण्याची शक्यता जास्त, हेही लक्षात घ्यावे. लहान पिल्ले यात सगळ्यांत पुढे असतात, कारण आईच्या कुशीत झोपताना माइट तिच्याकडून त्यांच्याकडे येतात. रस्त्यावरून उचलून आणलेले पिल्लू, बऱ्याच कुत्र्यांबरोबर वाढलेले पिल्लू किंवा घरात मांजर असलेला कुत्रा यांच्याबाबत माइटचा संशय आधी घ्यावा. मांजरांमध्ये हा माइट कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, आणि एकाच चादरीवर झोपणाऱ्या मांजराकडून तो कुत्र्याकडे सहज येतो. याउलट, वर्षानुवर्षे एकट्याने फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मोठ्या कुत्र्याचा कान दुखू लागला तर माइटपेक्षा बुरशी, जिवाणू किंवा ॲलर्जी असण्याचीच शक्यता अधिक असते.

घरच्या घरी एक सोपी चाचणी करता येते. कानाच्या तोंडाशी आलेला मळ कापसाच्या बोळ्याने अलगद टिपून काळ्या कागदावर झटका. चांगल्या उजेडात, शक्य तर भिंगातून बघा. पांढरे सूक्ष्म ठिपके हळूहळू सरकताना दिसले तर ते माइट आहेत. काहीच दिसले नाही, तरी माइट नाहीतच असे मात्र मानू नये. काही कुत्र्यांना या माइटची ॲलर्जी असते. त्यांच्या कानात मोजकेच माइट असतात, पण खाज जीव नकोसा करते. अशा वेळी डॉक्टर मळाचा नमुना तेलाच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तेव्हा निदान होते.

गोचीड : कानाच्या घडीत दडलेली

महाराष्ट्रात कुत्र्याच्या कानात डोळ्यांना दिसणारा परजीवी शोधायचा तर तो गोचीड असतो. उन्हाळा आणि पावसाळा हे तिचे भरभराटीचे दिवस, पण मुंबई-कोकणाच्या दमट हवेत आणि घरांच्या उबेत ती बाराही महिने सापडते. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड, शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, अशा घरांत सहज तग धरते.

तिला मऊ, पातळ, दडायला सोयीची त्वचा हवी असते, म्हणून कान तिची आवडती जागा आहे. पाळीची आतली बाजू, पाळीच्या बाहेरच्या कडेला खाली असलेली कातडीची छोटी दुहेरी घडी आणि नळीच्या तोंडाजवळच्या वळ्या या तीन जागा प्रत्येक वेळी उलगडून बघा. कानाबरोबर पायाच्या बोटांमधली जागा, काखा, गळ्याचा पट्टा आणि शेपटीचा बुंधाही तपासावा.

रक्त न प्यायलेली गोचीड चपटी, तपकिरी, तिळाएवढी असते. रक्त पिऊन फुगलेली मादी वाटाण्याएवढी, राखाडी-निळसर होते आणि बरेचजण तिला चामखीळ समजतात. चामखीळ त्वचेतूनच वाढलेली असते. फुगलेल्या गोचिडीच्या बुडाशी, त्वचेला चिकटलेल्या जागी, नीट पाहिले तर बारीक पाय दिसतात. अगदी लहान पिल्लावस्थेतल्या गोचिडी तर मोहरीहून लहान असतात आणि पाळीवर धुळीचे कण पडल्यासारख्या दिसतात. बोटाने पुसल्यावर जे निघत नाही, ते नीट तपासावे.

गोचीड नळीत खोल गेली तर कुत्रा एकाएकी, बहुधा एकाच बाजूचा कान झाडू लागतो, डोके त्या बाजूला कलते ठेवतो आणि हात लावू देत नाही. बाहेरून काहीच दिसत नाही. अशी गोचीड घरी काढायचा प्रयत्न करू नये. डॉक्टर ओटोस्कोपने बघून, गरज पडल्यास भूल देऊन ती काढतात.

पाळीवरची गोचीड मात्र आपण काढू शकतो. बारीक टोकाचा चिमटा घ्या, गोचिडीला त्वचेच्या अगदी लगत, तिच्या तोंडाशी पकडा आणि न पिळता, न झटकता, सावकाश सरळ वर ओढा. तिच्यावर रॉकेल, पेट्रोल, तेल टाकू नका, उदबत्तीचा चटका देऊ नका. गुदमरलेली किंवा भाजलेली गोचीड सुटण्याआधी आपल्या पोटातला द्रव जखमेत सोडू शकते. काढलेली गोचीड बोटांनी चिरडू नका, कारण या गोचिडीमुळे माणसालाही ताप येणारा रोग होऊ शकतो. ती स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाका. मग चाव्याची जागा आणि आपले हात साबणाने धुवा.

गोचीड काढली म्हणजे काम संपले असे मात्र नाही. तिच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बबेसिया या जंतूंचे रोग होतात. आपण त्यांना सरसकट टिक फीव्हर म्हणतो. चावल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप येणे, खाणे सोडणे, मरगळ, हिरड्या पांढुरक्या पडणे, नाकातून रक्त येणे किंवा लघवी गडद लालसर-तपकिरी होणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी. कानात गोचीड सापडल्याची तारीख लिहून ठेवली असेल तर डॉक्टरांना दिशा लगेच मिळते.

अळ्या : इथे एक रात्रही थांबू नका

पावसाळ्यात कुत्र्याच्या कानाचे सर्वांत भयंकर दुखणे म्हणजे कानात अळ्या पडणे. आधी छोटीशी जखम असते. कधी ती गोचिडीच्या चाव्याची, कधी भांडणात लागलेल्या दाताची, तर कधी माइटने खाजवून खाजवून झालेली असते. ओल्या जखमेवर माशी बसते आणि अंडी घालते. एका दिवसाच्या आतच त्यातून अळ्या बाहेर पडू शकतात आणि जिवंत मांस खात आत शिरतात. आपल्या हवामानात क्रायसोमाया बेझियाना ही माशी यासाठी कुप्रसिद्ध आहे.

पहिली खूण म्हणजे सडक्या मांसाचा उग्र, गोडसर वास. कुत्रा खोलीत आला की तो जाणवतो. कानातून रक्तमिश्रित पातळ पाणी येते, केस चिकटलेले दिसतात, माश्या त्याच्याभोवती घोंघावतात. कुत्रा कोपऱ्यात जाऊन बसतो, जेवत नाही. केस बाजूला केले तर कातडीला छिद्र आणि त्यात वळवळ दिसते. दिसणाऱ्या छिद्रापेक्षा आतली पोकळी बहुधा खूप मोठी असते.

इथे घरचा उपाय करण्यात वेळ घालवू नका. टर्पेंटाइन, फिनाइल, तंबाखूचे पाणी, डांबरगोळ्यांची भुकटी हे गावोगावी वापरले जाते. त्याने वरच्या काही अळ्या बाहेर पडतात, पण उघड्या मांसाची आग होते, आतल्या अळ्या आणखी खोल जाऊ शकतात आणि कुत्र्याच्या शरीरात विष भिनण्याचा धोका असतो. डॉक्टर वेदनाशामक देतात, अळ्या एकेक काढतात, सडलेले मांस स्वच्छ करतात, जखम रोज धुवायला सांगतात. दवाखान्यात नेईपर्यंत कुत्र्याला माश्यांपासून दूर, शक्य तर मच्छरदाणीत ठेवा आणि कान खाजवू देऊ नका.

थोडक्यात, आणखी काही पाहुणे

कानाच्या कडेवर जाड, पिवळट-करड्या खपल्या, केस गळालेले आणि कोपरांवरही तशाच खपल्या असतील तर ती सार्कोप्टिस माइटमुळे होणारी खरूज असू शकते. पाळीची कड बोटांत धरून चोळली की कुत्रा लगेच मागचा पाय हलवू लागतो, ही त्याची खूण. हा माइट कातडीत शिरतो आणि घरातल्या माणसांनाही काही दिवस खाज आणू शकतो.

उभ्या कानांच्या टोकांवर वाळलेल्या रक्ताच्या काळ्या खपल्या दिसल्या तर चावऱ्या माश्या त्रास देत आहेत. गोठ्याजवळ, उकिरड्याजवळ बांधलेल्या कुत्र्यांत हे नेहमी आढळते. कुत्र्याची जागा बदलणे आणि डॉक्टरांनी दिलेले माशी-रोधक मलम लावणे हा उपाय. कानामागे किंवा मानेवर काळे बारीक कण दिसत असतील तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे.

जे परजीवी नसते, पण तसे वाटते

माइट समजून महिनाभर उपचार केलेले कितीतरी कान खरे तर बुरशीचे असतात. मॅलॅसेझिया या यीस्टमुळे झालेला मळ तपकिरी, ओला, चिकट असतो, त्याला आंबूस वास येतो आणि त्वचा लाल, तेलकट, जाड होते. जिवाणूंचा संसर्ग असेल तर पिवळा किंवा हिरवट पू आणि घाण वास येतो, शिवाय कान अतिशय दुखतो. माइटचा मळ कोरडा असतो आणि वास फारसा नसतो. दोन्ही एकत्र असतील, म्हणजे माइटने चिडलेल्या कानात नंतर जिवाणू शिरले असतील, तर वास येतोच. म्हणून एकाच खुणेवर निर्णय घेऊ नये.

माळरानावर किंवा शेतात फिरून आल्यावर एकाच कानाचा त्रास अचानक सुरू झाला तर गवताचे कुसळ आत गेल्याची शंका घ्या. कुसळ पुढे सरकत पडद्यापर्यंत जाते, त्यामुळे थांबून बघू नये. आणि दर दोन-तीन महिन्यांनी दोन्ही कान लाल होत असतील, त्याबरोबर कुत्रा पंजे चाटत असेल, तर मुळाशी ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी. तिथे कानातल्या औषधाने तात्पुरताच आराम पडतो.

काय घालू नये

खोबरेल, राईचे तेल, लिंबाचा रस, हायड्रोजन पेरॉक्साइड, जंतुनाशक द्रावण, कापराचे तेल, तंबाखूचे पाणी यांपैकी काहीही कानात घालू नये. तेलाने मळ आणखी घट्ट साचतो. कापूर आणि तंबाखूतले निकोटीन कुत्र्याला विषारी आहे. कानाचा पडदा फाटलेला असेल तर साधे वाटणारे औषधही आतल्या कानात जाऊन बहिरेपणा किंवा तोल जाण्याचे कारण ठरू शकते. मागच्या आजारातले उरलेले थेंबही याच कारणाने वापरू नयेत. पडदा शाबूत आहे की नाही, हे बघितल्याशिवाय डॉक्टर औषध देत नाहीत, त्यामागे हेच आहे.

गुरांसाठीचे गोचीडनाशक आणि आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला देणे तर जिवावर बेतू शकते. कोली आणि त्याच्या जवळच्या जातींच्या अनेक कुत्र्यांत एका जनुकातल्या दोषामुळे आयव्हरमेक्टिन मेंदूपर्यंत पोहोचते. हा दोष २००१ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी शोधला. आपला कुत्रा मिश्र जातीचा असेल तर त्याच्यात हा दोष आहे का, हे बघून सांगता येत नाही. घरात मांजर असेल तर आणखी एक काळजी घ्या : कुत्र्यासाठीच्या काही गोचीडनाशकांत परमेथ्रिन असते, आणि ते मांजराला मारक ठरते.

दवाखान्यात काय होते, आणि घरी काय करायचे

दवाखान्यात नेण्याआधी दोन दिवस कान धुऊ नका. मळच नसेल तर तपासायचे काय? त्रास कधीपासून, एका कानात की दोन्हीत, घरात आणखी कोणते प्राणी, आधी काय औषध घातले, कुत्र्याला कधी फिट आली होती का, हे लिहून न्या. शेवटची गोष्ट आवर्जून सांगा, कारण गोचीड-माइटवर हल्ली दिल्या जाणाऱ्या फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सॅरोलानर या वर्गातल्या गोळ्यांमुळे काही कुत्र्यांना फिट येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तसा इशारा दिला होता. या गोळ्या परिणामकारक आहेत, पण त्या कुत्र्याचे वजन आणि पूर्वेतिहास पाहूनच द्याव्या लागतात. मानेवर टाकायचे सेलामेक्टिनसारखे थेंबही माइटवर चालतात.

गावात खासगी पशुवैद्य नसतील तर तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. १८८६ मध्ये सुरू झालेले परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये इथेही पाळीव प्राण्यांवर उपचार होतात.

कान साफ करायला सांगितले असेल तर डॉक्टरांनी दिलेलेच द्रावण वापरा. ते हातात धरून थोडे कोमट होऊ द्या, कान भरेल इतके सोडा, बुंध्याशी अर्धा मिनिट हलके चोळा, मग कुत्र्याला मान झाडू द्या. वर आलेला मळ बोटावर गुंडाळलेल्या कापसाने पुसा. बोट जिथपर्यंत जाते तिथेच थांबा. औषधाचे थेंब त्यानंतर काही मिनिटांनी घाला.

औषध मध्येच बंद करू नका. माइटचे अंडे ते पूर्ण वाढ हा प्रवास साधारण तीन आठवड्यांचा असतो आणि बरीच औषधे अंड्यांना मारत नाहीत. आठव्या दिवशी खाज थांबली म्हणून औषध बंद केले, की अंड्यांतून निघालेली नवी पिढी पुन्हा तिथेच नांदू लागते. सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करा आणि शेवटी एकदा कान तपासून घ्या.

घरही औषधाचाच भाग आहे

माइट सापडले तर घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार व्हायला हवेत, मग त्यांना खाज असो वा नसो. अंथरूण, चादरी गरम पाण्यात धुवा, गळ्याचे पट्टे आणि ब्रश स्वच्छ करा.

गोचिडींचा बंदोबस्त यापेक्षा चिकाटीचा आहे. तपकिरी गोचीड प्रत्येक अवस्थेत रक्त पिते, खाली पडते, कात टाकते आणि पुन्हा कुत्र्यावर चढते. मादी भिंतीच्या फटीत, फरशीच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागे, फोटोच्या फ्रेममागे हजारो अंडी घालते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्याच्या कितीतरी पट गोचिडी घरात असतात. फटी सिमेंटने बुजवा, कुत्रा झोपतो त्या कोपऱ्यात व्हॅक्यूम किंवा कडक झाडू रोज फिरवा, अंगणातले गवत कापलेले ठेवा, आणि कुत्र्याला गोचीड-प्रतिबंधक औषध ठरलेल्या तारखेला द्या. घरात फवारणी करायची तर डॉक्टरांना विचारून, मुले आणि प्राणी बाहेर ठेवून करा.

पावसात भिजून आल्यावर किंवा आंघोळीनंतर पाळी आणि नळीचे तोंड कोरड्या कापडाने टिपायला विसरू नका.

हे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा

- कानातून सडका वास, रक्त किंवा वळवळणाऱ्या अळ्या
- डोके एका बाजूला कलणे, गोल गोल फिरणे, तोल जाणे, डोळ्यांची बुबुळे सतत हलणे
- पाळी फुग्यासारखी सुजणे. सतत मान झटकल्याने आत रक्त साचते, ते घरी सुईने काढू नये
- कानाला हात लावताच ओरडणे किंवा एरवी शांत असणाऱ्या कुत्र्याने चावायला येणे
- गोचीड सापडल्यानंतर काही आठवड्यांत ताप, मरगळ, पांढुरक्या हिरड्या

आपल्या गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांनाही हाच त्रास होतो, आणि त्यांचा कान कोणी उलटून बघत नाही. रोज भाकरी घालताना त्यांच्या कानाकडेही एक नजर टाका. वास येत असेल, माश्या बसत असतील, तर जवळच्या प्राणिमित्र संस्थेला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. तुमच्या एका फोनने त्याचा कान, कदाचित जीवही वाचेल.

घरच्या कुत्र्यासाठी तर फारसे काही लागत नाही. आठवड्यातली पाच मिनिटे, चांगला उजेड आणि हलका हात पुरे. येत्या रविवारी सुरुवात करा : दोन्ही कान बघा, वास घ्या, फोटो काढून ठेवा. शंका आली तर थेंब शोधू नका, डॉक्टर शोधा.